यश कोणाच्या खाती?

दिवाळीत वहीपूजन झाले, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक उमटले, की पेढीवरची जुनी माणसे सरत्या वर्षाची शिल्लक एकदा शांतपणे नजरेखालून घालीत. आता हिशेब संगणकावर होतात आणि ताळेबंद मार्चअखेर तयार होतो. तरी वर्ष कसे गेले, या प्रश्नाचे उत्तर व्यापारी घरात अजूनही आकड्यातच मिळते. हा आकडा खोटे बोलत नाही. दुकान वाढले की घटले, उधारी वसूल झाली की बुडाली, हे तो स्पष्ट सांगतो. यशाचे इतके नेमके माप हाताशी असणे हे व्यापाराचे भाग्यच म्हटले पाहिजे.

अडचण येते ती त्याच घरातील मुलगा बारावीनंतर कुस्तीच्या तालमीत किंवा क्रिकेटच्या मैदानावरच राहायचे म्हणतो तेव्हा. मुलगी गाण्याच्या बैठकीसाठी पुण्याला जायचे म्हणते. एखादा पुतण्या नगरपालिकेला उभा राहतो. घरातील वडीलधारी मंडळी तेव्हा एकच प्रश्न विचारतात, ‘त्यातून मिळणार काय?’ हा प्रश्न क्षुद्र नाही. ज्याने आयुष्यभर एकेक रुपया जोडला त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. खेळ, कला आणि राजकारण या तीन क्षेत्रांतील काही आयुष्ये मात्र अशी आहेत की, त्यांचा जमाखर्च मांडायला बसले म्हणजे कोणती रक्कम जमेला धरावी आणि कोणती नावे टाकावी, हेच कळेनासे होते.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव हे अशा आयुष्यांपैकी एक. १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेला हा मुलगा पाच भावांत धाकटा. वडील स्वतः मल्ल होते, त्यामुळे तालमीची माती घरातच होती. चण लहान, पण चपळाई विलक्षण. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले आणि १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत कुस्ती खेळलेल्या या तरुणाला तेथे मॅटवर उतरावे लागले. मातीतील कुस्ती आणि मॅटवरील कुस्ती यांचे नियम वेगळे, पायाखालची पकड वेगळी, गुण देण्याची रीत वेगळी. तरीही ते सहावे आले. घरी परतल्यावर पुढच्या चार वर्षांत त्यांनी वजनगट बदलला, सराव दुप्पट केला आणि हेलसिंकीची तयारी धरली.

१९५२ मध्ये प्रश्न कौशल्याचा राहिला नव्हता, पैशाचा होता. निवडीतच आपल्यावर अन्याय झाल्याची दाद त्यांना पतियाळाच्या महाराजांकडे मागावी लागली होती. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. निवड झाली तरी फिनलंडला जायचे भाडे कोणी द्यायचे? सरकारकडे केलेल्या मागणीला प्रथम नकार मिळाला. मग गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली. कराडच्या बाजारपेठेतील दुकानदारांपुढेही झोळी फिरली. तरीही रक्कम पुरी होईना. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे करून दिले.

व्यापाऱ्याच्या नजरेने हा व्यवहार क्षणभर पाहावा. १९५२ साली सात हजार रुपये ही किरकोळ रक्कम नव्हती. तारण होते राहते घर. कर्ज घेणारा प्राध्यापकी पेशातला, म्हणजे वाढत्या उत्पन्नाची आशा नाही. आणि ज्या मालावर ही रक्कम गुंतवली, तो माल म्हणजे एका सव्वीस वर्षांच्या विद्यार्थ्याची परदेशातील कुस्ती, जिचा निकाल अर्ध्या मिनिटात उलटा लागू शकतो. कोणत्याही पेढीच्या मुनिमाने शेठजींना असा व्यवहार करू दिला नसता. मुनीम चुकला असता असेही नाही. त्याचे काम तेच आहे.

हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात एकामागून एक लढती जिंकल्या. पुढे एका दीर्घ, दमछाक करणाऱ्या लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांच्या दरम्यान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो बोलून दाखवायला त्या वेळी भारतीय पथकातील कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या शरीराने खाशाबा लढले आणि हरले. सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांनी, रौप्यपदक मामेदबेकोव्ह यांनी आणि कांस्यपदक खाशाबांनी मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच स्पर्धेत भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक पटकावले. देशाचे लक्ष साहजिकच तिकडे होते.

कराडकरांचे लक्ष मात्र आपल्या मल्लाकडे होते. स्थानकावर उतरलेल्या खाशाबांना शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावी नेण्यात आले. ढोल-ताशे, लेझीम, गुलाल. एरवी थोड्या वेळात संपणारा तो रस्ता त्या दिवशी कित्येक तास पुरला. या मिरवणुकीचे वर्णन अनेकदा होते. त्यानंतर खाशाबांनी जे केले त्याचा उल्लेख मात्र ओझरता येतो, आणि खरे तर तीच गोष्ट व्यापारी घरांत मुलांना सांगण्याजोगी आहे. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यात स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. पदक गळ्यात असलेला माणूस देणे फेडण्यासाठी पुन्हा आखाड्यात उतरला. पदकामुळे कर्ज आपोआप माफ होते, असा समज त्याने करून घेतला नाही.

पुढचे आयुष्य तसे कोरडेच गेले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. अनेक वर्षे बढती मिळाली नाही. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी त्यांचे नाव दिले गेले. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. टेनिसपटू लिअँडर पेस यांनी अटलांटात ते मिळवले, तेव्हा वर्तमानपत्रांना खाशाबांची पुन्हा आठवण झाली. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदकासाठी तर बहात्तर वर्षे थांबावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या या तरुणाला सरकारने तत्काळ कोटीच्या आकड्यात बक्षीस जाहीर केले. काळ बदलला, याचा आनंदच आहे. तरी कांस्यपदक दोघांचे एकच, आणि एकाच्या मागे गहाणखत होते हे विसरून चालत नाही.

आता ज्याला पदकच मिळाले नाही, त्याचे काय? १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांचे पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. डोळ्याची पापणी लवायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. त्याहून विलक्षण कहाणी मुंबईच्या पद्माकर शिवलकरांची आहे. डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी. १९७२-७३ च्या हंगामात मद्रासच्या चेपॉक मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला; फिरकीला साथ देणाऱ्या त्या खेळपट्टीवर तामिळनाडूकडे वेंकटराघवन होते आणि मुंबईकडे शिवलकर. पहिल्या डावात त्यांनी १६ धावांत ८ गडी बाद केले, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. पाच दिवसांचा म्हणून ठरलेला सामना तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर संपला आणि मुंबईने सलग पंधराव्यांदा करंडक जिंकला.

भारताच्या कसोटी संघात मात्र शिवलकर एकदाही खेळले नाहीत. त्याच काळात, त्याच हाताने, तीच कला बिशनसिंग बेदी करीत होते, आणि बेदी जगातील उत्तम फिरकी गोलंदाजांपैकी एक होते. हरियाणाचे राजिंदर गोएल यांचीही हीच कथा. रणजी सामन्यांत ६३७ बळी आणि कसोटी एकही नाही. बाजाराच्या भाषेत बोलायचे तर माल अव्वल दर्जाचा होता, पण त्या पेठेत त्या मालाची एकच जागा होती आणि ती भरलेली होती. यात कोणाचा दोष? निवड समितीने दोघांनाही एकत्र खेळवायला हवे होते असे आजही अनेक जण म्हणतात, आणि ते मत चुकीचे वाटत नाही. सुनील गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर ‘आयडॉल्स’ हे पुस्तक लिहिले, त्यात कसोटी न खेळलेल्या या दोघांना आग्रहाने स्थान दिले. ज्या फलंदाजाने जगातील साऱ्या गोलंदाजांना तोंड दिले, त्याने दिलेली ही पावती होती. शिवलकर पुढे शिवाजी पार्कवर मुलांना गोलंदाजी शिकवीत राहिले. ते गातही असत, आणि ऐकणारे सांगतात की चांगले गात. ३ मार्च २०२५ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा कसोटी खेळलेल्या अनेकांपेक्षा त्यांच्याविषयी अधिक आणि अधिक जिव्हाळ्याने लिहिले गेले.

कलेच्या क्षेत्रात हिशेब याहून अवघड होतो. कारण तेथे उत्पन्न प्रचंड असूनही माणूस बुडू शकतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्याइतकी लोकप्रियता मराठी रंगभूमीवर दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली नसेल. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. स्त्रीभूमिका करणारा हा पुरुष नेसत असे तशी साडी नेसण्याची, अंबाडा घालण्याची चाल घरंदाज बायकांत पडली. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे भोवतालची माणसे म्हणत असता ते रंगभूमीवर उभे राहिले. आलेल्या प्रेक्षकाचा विरस करायचा नाही, हा त्यांचा निश्चय. त्या रात्रीची हकिकत पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगितली जाते. त्या घरातील आईवर त्या रात्री काय गुजरले असेल, हे मात्र कोणी सांगत नाही. यशाच्या कहाण्यांत ही बाजू नेहमीच कोरी राहते.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणेशराव बोडस यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. काही वर्षांत दोन्ही भागीदार बाहेर पडले आणि कंपनी, तिच्या कर्जासकट, एकट्या बालगंधर्वांकडे आली. भागीदारी मोडली की देण्यांची वाटणी कशी करावी, हे सामान्य किराणा दुकानदारही जाणतो. बालगंधर्वांना ते भान नव्हते, किंवा असूनही त्याचे महत्त्व वाटत नव्हते. रंगभूमीवर येणारा शालू खरा भरजरी हवा, पडदे नवे हवेत, अत्तर उंची हवे, साथीला उत्तमोत्तम वादक हवेत, आणि कंपनीच्या पंगतीला येईल त्याला पोटभर जेवण हवे. तिकीटविक्री जितकी वाढे, तितका खर्च तिच्या पुढे धावे. अशा धंद्याला बाजारात एकच नाव आहे.

आणि तरीही हाच नट १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तील सिंधू होऊन साध्या, जीर्ण लुगड्यात जात्यावर बसला, तेव्हा नाट्यगृहे रडली. भरजरी शालूंवर लाखो उडवणाऱ्याला गरिबी अशी दाखवता आली, हा विरोधाभास वाटतो. पण खर्चाच्या वहीत न मावणारी जी गोष्ट त्यांच्याजवळ होती ती इथे दिसते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग मुंबईत झाला. एका बाजूला ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, दुसऱ्या बाजूला बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर, आणि उत्पन्न देशकार्याला. त्याच काळात बालगंधर्वांची स्वतःची कंपनी कर्जात बुडालेली होती. चाहत्यांनी वर्गणी जमवून ते फेडावे, ही कल्पना त्यांना मानवली नाही. खेळ करून, गाऊन, प्रेक्षकांकडून तिकिटाचेच पैसे घेऊन त्यांनी देणेकऱ्यांची फेड केली. या एका बाबतीत ते आणि खाशाबा एकाच पंक्तीला बसतात, मग एकाचा राहणीखर्च दुसऱ्याच्या किती का पट असेना.

बोलपट आले आणि संगीत नाटकाचे दिवस फिरले. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कॅमेऱ्यासमोर ते रमले नाहीत. समोर जिवंत प्रेक्षक नाही, तर गायचे कोणासाठी, अशी त्यांची अवस्था झाली. उतारवयात पायांनी दगा दिला. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी उघडले. ते पाहायला ते नव्हते. पैशाच्या अंगाने पाहिले तर अपयशी माणूस. पण आज त्यांच्या पदांचे ध्वनिमुद्रण लावले की खोलीतील बोलणे थांबते. त्यांचे अनुकरण करू नये, असे कोणी म्हणाले तर ते पैशाच्या बाबतीत शंभर टक्के खरे आहे. गाण्याच्या बाबतीत अनुकरण शक्यच झाले नाही.

व्यापारातील यश तरी नेहमी आकड्यात मावते काय? सोलापूरच्या दोशी घराण्यातील वालचंद हिराचंद हे जैन समाजाला आपले वाटणारे नाव. रेल्वेच्या ठेकेदारीतून वर आलेल्या या उद्योजकाने सिंदिया कंपनीच्या रूपाने इंग्रज जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. धंद्याच्या दृष्टीने ती बोट तोट्याचीच ठरली आणि चार वर्षांत भंगारात गेली. पण तो ५ एप्रिल आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. कंपनी टिकली, विशाखापट्टणमचा जहाजबांधणी कारखाना उभा राहिला, आणि १९४८ मध्ये ‘जलउषा’ तेथून पाण्यात उतरली. एका बोटीची खतावणी पाहून कोणी निकाल दिला असता तर १९२३ मध्येच वालचंदशेठ अपयशी ठरले असते.

राजकारणाकडे वळावे तर यशाचे माप सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे दोन्ही तेथेच आहे. खुर्ची मिळाली की यश, गेली की अपयश, असा व्यवहार रोज चालतो. १९५६ मधील चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण या व्यवहारात बसत नाही. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेला हा बुद्धिमान मुलगा मॅट्रिकला पहिला आला, पुढे इंग्लंडमध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिला आला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याचा बेत जाहीर झाला आणि मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्यामागे पक्षाची फळी नव्हती, मतदारसंघाची बांधणी नव्हती. राजकीय दृष्ट्या त्यांनी आपली पेढी स्वतःच्या हाताने बंद केली. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि तिसरे आले. ‘मेघदूता’चे मराठी भाषांतरही त्यांनी केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्याच प्रश्नावर यशवंतराव चव्हाणांनी उलट मार्ग धरला. ते काँग्रेससोबत राहिले, संयुक्त महाराष्ट्र समितीची टीका झेलली आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीची लाट आली. कराडहून यशवंतराव अगदी थोड्या मतांनी तरले. लोकांचा राग त्यांनी मतपेटीत मोजला होता. तो राग काय सांगतो, हे त्यांनी दिल्लीला आतून समजावून दिले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. मुंबई महाराष्ट्रात गेली तर व्यापाराचे काय होईल, अशी धास्ती त्या वेळी अनेक पेढ्यांवर होती. ती निराधार ठरली, याचे बरेचसे श्रेय नव्या मुख्यमंत्र्यांच्या समंजसपणाला द्यावे लागते. कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फीमाफी, सहकारी साखर कारखाने, औद्योगिक वसाहती, साहित्य संस्कृती मंडळ ही कामे त्यांच्याच कारकिर्दीत मार्गी लागली.

देशमुख बरोबर की यशवंतराव, हा वाद जुन्या पिढीत रंगत असे आणि घराघरांत दोन तट पडत. तो आज निकालात काढण्याचे कारण नाही. राजीनाम्याने दिल्लीला हादरा बसला नसता तर आतून समजावणाऱ्याचे बोलणे किती ऐकले गेले असते? आणि आत कोणी राहिलेच नसते तर राजीनाम्याचे पुढे काय झाले असते? महाराष्ट्र राज्य हे यश मानले तर त्याच्या खात्यावर दोघांचीही नावे आहेत, गोळीबारात बळी पडलेल्या शंभराहून अधिक माणसांचीही आहेत. आणि त्यांतील बहुतेकांची नावे हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्यालाही सांगता येणार नाहीत.

यशवंतराव पुढे देशाचे संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री झाले, १९७९ मध्ये काही महिने उपपंतप्रधानही. ज्या पदासाठी त्यांचे नाव वर्षानुवर्षे घेतले जात होते, ते मिळाले नाही. शेवटची वर्षे एकाकी गेली. १९८३ मध्ये पत्नी वेणूताई गेल्या, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते स्वतः गेले. खाशाबांचा अपघात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला होता. एकाच तालुक्याशी नाते सांगणारी ही दोन माणसे, एक मुख्यमंत्रिपदापासून उपपंतप्रधानपदापर्यंत पोचलेला, दुसरा पोलीस खात्यात बढतीची वाट पाहिलेला. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांची समाधी आहे, आणि त्यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके कराडमध्ये वेणूताईंच्या नावाच्या स्मारकात वाचकांसाठी ठेवलेली आहेत.

व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी जेव्हा दुकानाबाहेरचा रस्ता मागते, तेव्हा वडिलांपुढे खरा प्रश्न पदकाचा किंवा पुरस्काराचा नसतो. पदक मिळणार नाही, हेच बहुधा खरे असते. दर शिवलकरामागे रणजीपर्यंतही न पोचलेले हजारो असतात. प्रश्न असा असतो की, पाच किंवा सात वर्षे या मुलाचा खर्च उचलायचा, तो खर्च वसूल होणार नाही हे धरून चालायचे, आणि तरीही घरात तो हिशेब रोज त्याच्या ताटाशी मांडायचा नाही, एवढी ताकद आपल्यात आहे काय? काही घरांत ती असते. काहींत नसते, आणि नसेल तर तसे मुलाला स्पष्ट सांगणे हेही प्रामाणिकपणाचेच आहे. अर्धवट परवानगी देऊन पुढे रोज टोमणे मारण्यापेक्षा ते कितीतरी बरे. मुलाच्या बाजूनेही एक गोष्ट अपेक्षित असते. कोणी घर गहाण ठेवले, कोणी बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली रक्कम मोडली, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. खाशाबांना ठाऊक होते.

प्राचार्य खर्डेकरांना त्या व्यवहारात काय मिळाले, हे कोणत्याही कागदावर नाही. व्याज त्यांनी घेतले असेल असे वाटत नाही. गहाणखत फिटले, घर सुटले, आणि महाविद्यालयात पुढच्या वर्षीचे विद्यार्थी आले. गोळेश्वरला जाधवांच्या घराला ‘ऑलिम्पिक निवास’ असे नाव आहे. गाव ओलांडून कराडच्या बाजारात शिरले की कापडाची, धान्याची, भुसाराची जुनी दुकाने लागतात. त्यांतील काहींच्या आजोबांनी १९५२ च्या त्या वर्गणीत पाच-दहा रुपये घातले असतील आणि संध्याकाळी रोजमेळ लिहिताना ते खर्चाच्या बाजूला, बहुधा धर्मादाय या सदराखाली, टाकून वही मिटली असेल.